न मोजायची सहा पानं

“...आणि माझा रिपोर्ट? आला का गं?”

मास्तर पत्ते वाटत होते. मान वर केली नाही.

मी चहाचा कप उचलला. न पिताच खाली ठेवला.

...

“नाही अजून,” मी म्हणाले.

“बरं.”

वाटणं चालूच राहिलं. शेवटचं पान त्यांच्यापुढं पडलं.

गुळवणी मास्तर निवृत्त स्टेशनमास्तर. वय अठ्ठ्याहत्तर. मिरजेच्या रेल्वे कॉलनीत इन्स्टिट्यूटची, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबची, एक पत्त्यांची खोली आहे. तिथं दर शनिवारी दुपारी चारला ते मला ब्रिज शिकवायचे. हा आठवा शनिवार.

ब्रिजला चार माणसं लागतात. दोन-दोन भिडू, समोरासमोर. आम्ही दोघंच होतो. उरलेल्या दोन खुर्च्यांपुढं मास्तर कान तुटलेला एकेक रिकामा कप ठेवायचे. ते आमचे विरोधक.

“कप कायम पास म्हणतात,” पहिल्या दिवशी ते म्हणाले होते. “एवढे सभ्य विरोधक उभ्या मिरजेत मिळायचे नाहीत.”

मी हात उचलला. तेरा पानं. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. बेरीज करायची आणि ती भिडूला बोलीतून सांगायची. पानं दाखवायची नाहीत. बोलीपलीकडं एक शब्द बोलायचा नाही.

“एक इस्पिक,” मास्तर म्हणाले.

“दोन इस्पिक.”

“किती आहेत तुझ्याकडं?”

“नऊ.”

“परत मोज.”

मला जरा रागच आला. मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातल्या पेशी मोजते. शंभर, कधी दोनशे. भित्री असेन, पण मोजण्यात आजवर चुकलेले नाही.

“नऊच आहेत, मास्तर. एक्का चार, राजा तीन, राणी दोन.”

“हे मी बोलायच्या आधीचे.”

“म्हणजे?”

“मी इस्पिक म्हणालो. तुझ्याकडं इस्पिकची चार पानं. बदामाचं किती?”

“एकच. पंजा. त्याचे शून्य.”

“त्याचे तीन.”

मी त्या पंजाकडं बघत राहिले. साधा पंजा.

“विरोधकांनी बदाम काढला की एकदा पंजा देऊन तू मोकळी. दुसऱ्यांदा काढला की हुकूम मारायचा. इस्पिक हुकूम व्हायच्या आधी त्या पंजाला कुत्रं विचारत नव्हतं.”

“म्हणजे बारा.”

“बारा. पानं तीच. भिडू बोलला की हात परत मोजायचा.”

“आणि दर वेळी वाढतात?”

मास्तर हसले. अलीकडं हसले की त्यांच्या डोळ्यांचा पिवळेपणा जास्त दिसायचा.

“समज, तुझ्याकडं बदामाचा राजा आणि राणी. पाच पॉइंट. तू खूश. आणि नंतर बोलीतून कळतं, माझ्याकडं बदामाचं एकही पान नाही. मी पहिल्या फेरीलाच हुकूम मारणार. मग तुझे राजा-राणी काय करणार?”

“काहीच नाही.”

“दरबार भरलाय, पण गावच उठून गेलंय. पाचाचे शून्य.”

त्यांनी दंड खाजवला. मग दुसरा. दोन महिने त्यांना खाज होती. पित्ताचा खडा असेल, असं ते सगळ्यांना सांगायचे.

बाहेर मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले. खिडकीची तावदानं थरथरली. माझ्या हातातली पानं टेबलावर सांडली.

“शंटिंग,” मास्तर म्हणाले. “आठ शनिवार तेच शंटिंग. आठ शनिवार तुझी तीच उडी. इंजिनाला तरी कंटाळा आला असेल.”

मी पानं गोळा केली. त्यांनी परत वाटली.

“एक नो-ट्रम्प,” मास्तर म्हणाले. म्हणजे हुकूमच नको, हात सगळीकडून सारखा आहे.

मी मोजले. नऊ. परत मोजले. दोन म्हणावं की गप्प राहावं... दोन म्हणाले आणि तेवढं झालं नाही तर बुडणार. गप्प राहिले तर...

“पास.”

मास्तरांनी पानं पालथी ठेवली.

“किती होते?”

“नऊ.”

“मग पास का?”

“भीती वाटली. बुडालो असतो तर?”

“बुडालो असतो. त्यात काही गुन्हा नाही. तू गुन्हा केलास तो वेगळा.”

“कोणता?”

“अकरा.”

“अकरा काय?”

त्यांनी अंगठ्यानं मागची भिंत दाखवली. तिथं स्टेशनवरून आणलेलं जुनं घड्याळ होतं. त्याची टिकटिक कॅरमच्या खोलीपर्यंत ऐकू जायची.

मास्तरांचा नियम मला पहिल्या दिवसापासून पाठ होता. चार टिकटिक, मग बोली. हात राजांनी भरलेला असो की नुसत्या दुऱ्या-तिऱ्यांनी. चारच. आवाजही एकच ठेवायचा, गाडीची घोषणा करावी तसा.

“अकरा टिकटिक थांबून पास म्हणालीस. हात रिकामा असता तर चारात म्हणाली असतीस. म्हणजे हातात काहीतरी आहे, हे मला सांगितलंस. आणि तोंडानं सांगितलं नाहीस.”

“मी मुद्दाम नाही केलं.”

“मुद्दाम करणाऱ्याला क्लबातून काढतात. न कळत करणाऱ्याला शिकवतात.”

“पण भिडूनं काय करायचं? त्याला ऐकू तर येतंच.”

“येतं.”

“मग?”

“ऐकलं नाही असं खेळायचं.”

“असं कसं जमेल?”

मास्तरांनी एक रिकामा कप सरळ केला.

“सोलापूर,” ते म्हणाले. “अठ्ठ्याऐंशी साल. जोड्यांची स्पर्धा. शेवटचा डाव. माझी भिडू शरयू.”

शरयूकाकू म्हणजे त्यांची बायको.

“विरोधक चार इस्पिक बोलले. पाळी शरयूची. ती थांबली. कपाळाला आठ्या, ओठ दाताखाली. पंख्याचा आवाज तेवढा. मग म्हणाली, पास. माझी पाळी आली. माझ्याकडं बदाम होते. पाच बदाम म्हणावं असा हात होता. पण शरयूकडं काही असेल तरच. आणि तिच्याकडं काहीतरी आहे, हे आख्ख्या हॉलला कळलं होतं.”

“मग तुम्ही...”

“पास.”

“आणि पाच बदाम झाले असते?”

“आंधळ्यानं खेळले असते तरी झाले असते. चषक अकलूजच्या एका वकिलानं नेला.”

“काकू काय म्हणाल्या?”

“काही म्हणाली नाही. आठ दिवस आमटीत मीठ नव्हतं.”

मी हसले. तेही हसले.

“नवव्या दिवशी म्हणाली, तुम्ही ऐकलं होतंत ना? मी म्हणालो, तू पास म्हणालीस, ते ऐकलं. त्यानंतर ती चाळीस वर्षं कधी थांबली नाही...” मास्तरांनी बोटं मोजली. “चाळीस नाही. तेहेतीस.”

तेहेतीसच. त्यानंतर काकूंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून मास्तरच त्यांना न्हाऊ घालतात, भरवतात, कूस बदलतात. दुसऱ्या कुणाच्या हातून काकू घास घेत नाहीत. शनिवारी दोन तास शेजारची बाई नुसती खुर्ची टाकून बसते, म्हणून मास्तर इथं येऊ शकतात. मुलगा हेमंत हैदराबादला असतो.

तिसऱ्यांदा पानं वाटली.

“एक चौकट,” मास्तर म्हणाले.

“एक इस्पिक.” चार टिकटिक. जमलं.

“दोन इस्पिक.”

म्हणजे त्यांच्याकडंही इस्पिक आहेत. हुकूम ठरला. आता पाळी माझी.

मी मोजले. इस्पिकचा एक्का आणि गुलाम, पाच. चौकटचा राजा, आठ. किलवरचा राजा, अकरा. बदामाचं एकच पान, चौक्का. भिडू बोललाय, परत मोजायचं. अकरा आणि...

“सावकाश,” मास्तर म्हणाले. “आता पहिल्या डावासारखी घाई नको. नीट मोज, मग नियम पाळ.”

त्यांनी मागं वळून घड्याळ बघितलं. पावणेसहा.

“सहाला मला एक फोन करायचाय. त्याआधी हा डाव संपवू.”

“कुणाला?”

“सांगलीच्या अलीकडं एक शुश्रूषाघर आहे. दोन वर्षांपूर्वी शरयूचं नाव घालून ठेवलं होतं. आता एक खाट रिकामी झालीय. आज सहापर्यंत कळवा म्हणालेत. मागं तेरा जणांची रांग आहे.”

“मग काकूंना तिकडं...”

“छे. मी आहे की. दुसऱ्याच्या हातचं पाणी तरी पिते का ती? खाट दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगतो.”

माझ्या हातातली पानं ओलसर झाली होती.

“आणि समजा... तुम्हाला कधी बरं नसलं तर? हेमंतदादा?”

“हेमंत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. मागं एकदा विचारलं होतं. बघू म्हणाला.”

मी पानांकडं बघायला लागले. पानं दिसत नव्हती.

गुरुवारी आमच्या लॅबचा टायपिस्ट रजेवर होता. पॅथॉलॉजीच्या मॅडमनी बायोप्सीचे रिपोर्ट मला टाइप करायला दिले. तिसरा कागद श्रीनिवास रामचंद्र गुळवणी, वय अठ्ठ्याहत्तर, पुरुष. मी तो तीनदा वाचला. मग टाइप केला.

संध्याकाळी हेमंतदादांचा फोन आला. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. “रेवती, बाबांना काही कळू द्यायचं नाही हं. ते खचतील. मी दिवाळीला येतो, तेव्हा बघू काय ते. तू दर शनिवारी भेटतेस म्हणून सांगतोय. शब्द दे.”

मी शब्द दिला.

शिवाय लॅबचा नियम आहे. रिपोर्ट डॉक्टरांकडं जातो. आपण पेशंटशी बोलायचं नाही. बोललं तर नोकरी जाते. माझी पहिलीच नोकरी. वडील गेल्यापासून घरात तेवढाच पगार.

“मगदूम,” मास्तर म्हणाले. ते मला आडनावानंच हाक मारायचे, स्टेशनवरच्या माणसांना मारायचे तशी. “बोली.”

“मास्तर...”

“बोली लाव.”

“तुम्ही तो फोन सोमवारी नाही का करू शकत?”

“ते आज सहा म्हणालेत.”

“पण रिपोर्ट अजून...” मी थांबले. “रिपोर्ट आल्याशिवाय असं कसं ठरवता तुम्ही?”

“तुला विचारलं ना मघाशी. आला नाही म्हणालीस. डॉक्टरही काही म्हणाले नाहीत, हेमंतही नाही. वाईट असतं तर तिघांतलं कुणीतरी बोललं असतं. खडाच असणार.”

ते माझ्याकडं बघत होते. शांत. डोळे हळदीसारखे.

आणि मला एकदम कळलं.

“मास्तर, तुम्हाला माहितीय.”

“काय?”

“तुम्ही विचारलंत तेव्हा... मी लगेच नाही म्हणाले नव्हते. मी थांबले होते. चार पानं वाटून होईपर्यंत.”

शेजारच्या खोलीत कुणीतरी सोंगटी जोरात मारली. मी दचकले.

“सहा,” मास्तर म्हणाले.

...

“पण ती मोजायची नसतात.”

टेबलावर दोन कप, मध्ये उरलेला माझा थंड चहा, त्यावर साय.

“म्हणजे तुम्ही फोन करणार?”

“करणार.”

“खाट सोडणार?”

“तू नाही म्हणालीस. त्यावर माझी बोली.”

“पण तुम्हाला कळलंय, मास्तर! कळलंय ना तुम्हाला?”

“आवाज एकच ठेव.”

“हा खेळ नाहीये!”

“नाही,” ते म्हणाले. “म्हणून तर.”

त्यांनी खिशातून बटणांचा जुना मोबाइल काढून टेबलावर ठेवला. शेजारी एक चिठ्ठी. त्यावर शुश्रूषाघराचा नंबर, मोठ्या ठळक आकड्यांत. त्याखाली एकच शब्द लिहिला होता : नको.

सहाला दहा कमी.

“मी दुसऱ्या कुणाला विचारू शकतो,” मास्तर म्हणाले. “डॉक्टरांना. त्यांच्या कंपाउंडरला. तुझ्या चेहऱ्यालाही विचारता येतं, त्याला तर काहीच लपवता येत नाही. पण माझा भिडू तू आहेस. तुला एकदा विचारलं. परत विचारणार नाही.”

“का?”

“दोनदा विचारलं म्हणजे उत्तर आपल्याला हवं तसं काढून घेणं झालं.”

घड्याळ चाललं होतं. मी टिकटिक मोजायला लागले. सात. आठ. नऊ... चौदा झाल्यावर मोजणं सोडलं.

“माझी नोकरी जाईल,” मी म्हणाले.

“जाईल कदाचित.”

“तुम्ही कुणाला सांगणार नाही ना, की मी...”

“आपणहून सांगणार नाही. पण कुणी सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही.”

“हेमंतदादांना मी शब्द दिलाय.”

“हेमंत या टेबलावर नाही.”

सहाला आठ कमी. बाहेर गार्डानं शिट्टी दिली. या वेळी मी दचकले नाही.

“रिपोर्ट आला,” मी म्हणाले. “गुरुवारी. मीच टाइप केला.”

मास्तरांनी आपली पानं टेबलावर पालथी ठेवली.

“खडा नाही. कॅन्सर आहे. स्वादुपिंडाचा... यकृतातही गेलाय.”

टिक.

टिक.

टिक.

टिक.

“बरं,” मास्तर म्हणाले. मघाशी म्हणाले होते, तसंच. त्याच आवाजात.

मी रडत होते, हे मला हातातल्या पानांवर थेंब पडले तेव्हा कळलं.

“दिवाळी?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही,” मी लगेच म्हणाले. “खरंच माहीत नाही, मास्तर. ते डॉक्टरच सांगतील.”

त्यांनी मान हलवली. यावर त्यांचा विश्वास बसला होता.

मग त्यांनी पालथी ठेवलेली आपली पानं उचलली. मघाशी मोजलेलीच. पंख्यासारखी पसरली आणि एकेका पानावर बोट ठेवत पुन्हा मोजली. ओठ हलत होते. एकदा मध्येच चुकले. परत पहिल्यापासून सुरू केलं.

मोजून झाल्यावर पानं खाली ठेवली. चिठ्ठीतला “नको” पेन्सिलीनं खोडला. बराच वेळ खोडत राहिले. कागद फाटला.

फोन लावला.

“गुळवणी बोलतोय, मिरजेहून... हो. खाट हवीय... होय, ठरलं. सोमवारी घेऊन येतो.”

पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारत होतं.

“भात मऊ लागतो. फार मऊ. ताक चालतं, आंबट नको... उजव्या कुशीवर झोपवायचं नाही. तिला सांगता येत नाही, पण दुखतं... घास दुसऱ्याच्या हातून घेत नाही हो. शिकवावं लागेल. मी येऊन बसेन, सुरुवातीला. जमेल तोवर...”

पलीकडचं बोलणं लांबलं.

“आणि एक. रात्री घाबरली तर शेजारी बसून पत्ते पिसायचे. नुसते पिसायचे. आवाज ऐकला की ती झोपते... नाही, पत्ते मी देतो ना. घरात आहेत.”

फोन बंद करून त्यांनी खिशात ठेवला. खाज सुटली होती तरी दंडाला हात लावला नाही.

घड्याळात सहा वाजले. मी उठायला लागले. मला वाटलं, आता ते घरी जातील. काकूंकडं.

“कुठं?” मास्तर म्हणाले.

“डाव...”

“पाळी तुझी आहे. केव्हापासून.”

मी बसले. पदरात पडलेली पानं उचलली. मास्तरांकडं बघवत नव्हतं, म्हणून पानांकडं बघितलं. अकरा. हुकूम ठरलाय. बदामाचा एकटा चौक्का. अकरा आणि तीन, चौदा.

चार टिकटिक.

“चार इस्पिक,” मी म्हणाले. आवाज कापला. पण बोली कापली नाही.

माझ्या डाव्या हाताचा कप पास.

“पास,” मास्तर म्हणाले.

उजव्या हाताचा कप पास.

डाव माझा झाला. आता मी खेळायचं आणि माझ्या भिडूनं डमी व्हायचं. डमी आपली तेराही पानं टेबलावर उघडी मांडतो. त्याचं काम तिथं संपतं. कुठलं पान कधी टाकायचं ते सगळं समोरचा ठरवतो. मागच्या शनिवारी मी डमी होते, आणि मास्तर एका ठिकाणी चुकतात असं वाटून “अहो, राणी!” असं ओरडले होते. तो डाव त्यांनी तिथल्या तिथं मोडून टाकला होता.

मास्तरांनी डाव्या कपापुढच्या गठ्ठ्यातलं एक पान उलटं केलं. किलवरची दश्शी.

मग आपला हात मांडायला लागले. आधी हुकूम. इस्पिकचा राजा, राणी, अठ्ठी, दुर्री. मग बदाम, मग चौकट, मग किलवर. चार ओळी. प्रत्येक पान खालच्या पानाला नीट लावून, रुळासारखं सरळ. पांढऱ्या पानांवर त्यांची नखं पिवळीधमक दिसत होती.

शेवटचं पान ठेवून झालं. त्यांनी रिकामे हात मांडीवर घेतले.

डमी उघडली की भिडूनं दोन शब्द म्हणायचे असतात. ती पद्धत आहे.

“थँक यू, पार्टनर,” मी म्हणाले.

त्यांनी मान लववली.

कॅरमवाले गेले होते. खोलीत आम्ही दोघं, दोन कप, तेरा उघडी पानं. सोमवार परवाच होता. मला घरातल्या काकू दिसत होत्या. खाटेवर, डाव्या कुशीवर, दाराकडं डोळे लावून. त्यांच्याजवळ विचारायला शब्द नव्हते आणि विचारलं तर...

“मास्तर,” मी म्हणाले, “काकूंना कोण सांगणार?”

मास्तर टेबलावरच्या आपल्या पानांकडं बघत होते.

...

“डमीनं बोलायचं नसतं, मगदूम. खेळ.”